सेंट हेलेना विमानतळ: धावपट्टी तयार, विमान ठरायचे बाकी

दक्षिण अटलांटिकमधले सेंट हेलेना हे बेट जगाला माहीत आहे ते नेपोलियनमुळे. वॉटर्लूनंतर ब्रिटिशांनी त्याला इथे आणून ठेवले आणि ५ मे १८२१ रोजी तो इथेच मरण पावला. कैदी पळून जाऊ नये म्हणून जी जागा निवडली, तिथे पोहोचणे दोनशे वर्षांनंतरही अवघड असावे यात नवल नाही. आफ्रिकेचा किनारा इथून सुमारे १,९०० किलोमीटर दूर. क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. एवढ्या लोकांसाठी ब्रिटिश सरकारने २८.५५ कोटी पौंड मंजूर करून विमानतळ बांधला, आणि उद्घाटनाला महिनाही उरला नसताना कळले की ज्या विमानासाठी तो बांधला ते विमान तिथे नियमितपणे उतरवता येणार नाही.

लहान विमानतळांच्या नियोजनाबद्दल ज्यांना आस्था आहे, त्यांनी हे प्रकरण मुळापासून वाचायला हवे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ म्हटले. तो शिक्का मला अन्यायाचा वाटतो. पण जी चूक झाली ती खरी होती, टाळता येण्याजोगी होती, आणि पुन्हा कुठेही होऊ शकते.

जहाजाच्या भरवशावरचे बेट

पोर्तुगीज खलाशांना हे बेट १५०२ मध्ये सापडले आणि १६५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तिथे वसाहत केली. हिंदुस्थानातून परतणारी जहाजे गोडे पाणी आणि ताजा भाजीपाला घ्यायला इथे थांबत. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, जहाजांची वाट बदलली आणि बेट आडवाटेला पडले. केपटाउनकडे जाणाऱ्या टपालबोटी पुढेही काही काळ येत राहिल्या, पण १९७७ मध्ये त्याही बंद झाल्या. मग ब्रिटिश सरकारने स्वतंत्र जहाजाची सोय केली. ‘आरएमएस सेंट हेलेना’ हे त्या नावाचे दुसरे जहाज १९९० मध्ये सेवेत आले. प्रवासी, टपाल, औषधे, बटाटे, मोटारी, सगळे याच एका जहाजातून. केपटाउनहून पाच दिवसांचा प्रवास, आणि साधारण तीन आठवड्यांनी एक फेरी.

पाच दिवस ही सवयीची गोष्ट झाली होती. एकच जहाज असणे ही मात्र कायमची धास्ती होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात जहाजाचे इंजिन बिघडले आणि बेटाचा जगाशी असलेला एकमेव नियमित धागा तुटला. त्यानंतर विमानतळाच्या मागणीला जोर आला. २००२ मध्ये सेंट हेलेनावर आणि बाहेर राहणाऱ्या बेटवासीयांचे मत घेतले गेले तेव्हा ७१.६ टक्क्यांनी विमानतळाच्या बाजूने कौल दिला. ही मागणी लंडनमधल्या कुणा अधिकाऱ्याच्या टेबलावर जन्मली नव्हती, ती बेटाची होती. पुढे जे झाले त्याचा हिशेब मांडताना हे विसरले जाते.

२००५ मध्ये ब्रिटिश सरकारने विमानतळाची घोषणा केली. डिसेंबर २००८ मध्ये आर्थिक मंदीच्या काळात काम थांबवले. २०१० मध्ये नव्या सरकारने अटींवर पुन्हा होकार दिला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ‘बेसिल रीड’ या कंपनीशी करार झाला. आराखडा आणि बांधकाम २०.१५ कोटी पौंड, पुढच्या दहा वर्षांच्या परिचालनासाठी ३.५१ कोटी. बाकीची तरतूद इतर कामांसाठी आणि अडीअडचणींसाठी.

दरी भरून काढलेली जमीन

सेंट हेलेना म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. जी थोडी आहे ती पूर्व टोकाला, प्रॉस्परस बे प्लेन नावाच्या कोरड्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर. तेही धावपट्टीला पुरेसे लांब नव्हते. एका बाजूला ‘ड्राय गट’ नावाची खोल घळ आडवी येत होती. ती भरायला सुमारे ८० लाख घनमीटर दगडमाती लागली आणि भराव १०० मीटरच्या घरात उंच झाला.

या कामाची यंत्रसामग्री उतरवायला बेटावर धक्काच नव्हता. जहाजे बाहेर नांगर टाकून उभी राहत आणि माल लहान होड्यांतून किनाऱ्यावर येई. म्हणून आधी रूपर्ट्स बे इथे तात्पुरता धक्का, तिथून पठारापर्यंत १४ किलोमीटरचा नवा रस्ता, आणि मग विमानतळ. पठारावर वायरबर्ड हा जगात फक्त याच बेटावर आढळणारा पक्षी राहतो, त्याच्या अधिवासाची भरपाई इतरत्र करावी लागली.

रस्त्याच्या कामात आणखी एक गोष्ट समोर आली, आणि तिच्यावरून नुसते पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार गुलामांची वाहतूक करणारी जहाजे पकडून सेंट हेलेनाला आणत असे. सोडवलेल्या आफ्रिकी माणसांपैकी हजारो जण जहाजावरच्या हालांमुळे आणि रोगांमुळे इथे येऊन मेले आणि रूपर्ट्स खोऱ्यात पुरले गेले. रस्त्याच्या आखणीसाठी २००७-०८ मध्ये उत्खनन झाले तेव्हा ३२५ जणांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. हे अवशेष दहा वर्षांहून अधिक काळ जेम्सटाउन या बेटाच्या राजधानीतल्या एका जुन्या इमारतीत ठेवलेले होते. त्यांचे पुन्हा दफन झाले ते २०२२ मध्ये, म्हणजे विमाने सुरू होऊन पाच वर्षे लोटल्यावर. प्रकल्पाच्या वेळापत्रकात दगड, डांबर, काँक्रीट यांना तारखा होत्या. या माणसांच्या दफनालाही तशीच तारीख असायला हवी होती.

स्थापत्याच्या अंगाने काम उत्तमच झाले. १,९५० मीटरची काँक्रीटची धावपट्टी, नियंत्रण मनोरा, छोटी नेटकी टर्मिनल इमारत. १५ सप्टेंबर २०१५ रोजी दिशादर्शक उपकरणांची तपासणी करायला आलेले बीचक्राफ्ट किंग एअर हे छोटे विमान इथे सर्वप्रथम उतरले.

उत्तर टोकावरचा वारा

मूळ योजना अशी होती: दक्षिण आफ्रिकेची ‘कॉमएअर’ कंपनी जोहान्सबर्गहून आठवड्यातून एकदा बोइंग ७३७-८०० आणणार. १८ एप्रिल २०१६ रोजी त्या विमानाचे चाचणी उड्डाण झाले. विमान उत्तरेकडून येत असताना वाऱ्याने वैमानिकांना खाली येऊन पुन्हा वर जायला लावले आणि त्यानंतरच ते उतरू शकले. काही दिवसांतच २१ मे रोजी ठरलेले उद्घाटन पुढे ढकलले गेले. आणि १० मे रोजी याच विमानतळाला सुरक्षिततेचे रीतसर प्रमाणपत्र मिळाले.

या दोन गोष्टींत विसंगती दिसते, पण ती नाही. धावपट्टीचा पृष्ठभाग, दिवे, अग्निशमन, प्रशिक्षित माणसे, कार्यपद्धती हे सगळे नियमांप्रमाणे आहे, असे प्रमाणपत्र सांगते. अमुक वजनाचे, अमुक वेगाने येणारे विमान इथल्या वाऱ्यात दर आठवड्याला प्रवासी घेऊन उतरू शकेल का, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

अडचण नेमकी काय होती? या बेटावर आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वर्षभर वाहतात. धावपट्टी साधारण दक्षिणोत्तर आहे. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरते, म्हणजे इथे उत्तरेकडून येऊन दक्षिणेकडे तोंड करून उतरायचे. पण उत्तर टोकाला पठार संपते आणि जवळपास ३०० मीटरचा कडा सरळ समुद्रात उतरतो. आजूबाजूला उभे खडक आहेत. पठारावरून आलेला वारा या कड्यावरून आणि खडकांभोवतून जाताना मोडतो, वळतो, भोवरे घेतो. त्यामुळे शेवटच्या काही सेकंदांत विमानाला समोरून मिळणारा वारा एकाएकी कमी होतो किंवा दिशा बदलतो. यालाच विंड शिअर म्हणतात. विमान हवेत तरंगते ते पंखांवरून जाणाऱ्या हवेच्या वेगावर. तो वेग जमिनीलगत अचानक घटला तर सावरायला ना उंची उरते ना वेळ.

मग दक्षिणेकडून उतरावे? तिकडे हवा तुलनेने शांत असते, पण वारा पाठीचा मिळतो. त्याची किंमत साध्या गणिताने समजते. समजा, विमान हवेच्या तुलनेत ताशी २४० किलोमीटर वेगाने येते आहे. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर जमिनीवर टेकतानाचा वेग २२०. तोच वारा पाठीमागून असेल तर २६०. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे या उदाहरणात सुमारे ४० टक्क्यांनी. तीन-चार किलोमीटरच्या धावपट्टीवर हे खपून जाते. १,९५० मीटरच्या धावपट्टीवर, जिच्या दोन्ही टोकांना सुरक्षेसाठी जागा राखायची आहे आणि त्यापलीकडे कडा किंवा भराव आहे, ते खपत नाही. वजन कमी करावे लागते, आणि ७३७ एवढे हलके केले तर फेरी परवडत नाही.

म्हणजे एका टोकाला हवा वाईट आणि दुसऱ्या टोकाला अंतर अपुरे. यातला एकही घटक नवा नव्हता. जुलै १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन या बेटावर काही दिवस राहिला होता. सुमारे हजार फूट खोल कड्याच्या काठावर उभा असताना त्याच्या ध्यानात आले की काही हातांवर समुद्रपक्षी जोरदार वाऱ्याशी झगडत आहेत आणि तो स्वतः उभा आहे तिथली हवा मात्र अगदी स्थिर आहे. काठाजवळ जाऊन हात बाहेर काढला की वाऱ्याचा पूर्ण जोर लागत होता. स्थिर हवा आणि सोसाट्याचा वारा यांच्यामध्ये फक्त दोन यार्डांची अदृश्य भिंत असल्यासारखे त्याने नोंदवले आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये या नोंदीची पुष्कळ आठवण काढली गेली. डार्विनच्या नोंदीवरून धावपट्टी आखता येत नाही हे खरेच. पण कड्याच्या काठावर हवा अशी वागते हे ठाऊक असल्यावर पुढचा प्रश्न आपोआप यायला हवा होता: प्रत्यक्ष उतरणीच्या वाटेवर, जमिनीपासून दोनशे-तीनशे मीटर उंचीपर्यंत, इथली हवा काय करते? पठारावर खांब रोवून वाऱ्याचा वेग मोजला तर त्या एका जागेचे उत्तर मिळते. लेसर किरणांनी दूरच्या हवेची हालचाल टिपणारी लिडार यंत्रे लावून जी मोजणी झाली, ती अडचण उघड झाल्यानंतर झाली.

चूक कुठे झाली

डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने आपल्या अहवालात कडक शब्द वापरले: व्यापारी विमाने सुरक्षित उतरण्यावर इथल्या वाऱ्याचा काय परिणाम होईल हे ठरवण्याआधीच विमानतळ बांधून पूर्ण करणे थक्क करणारे आहे.

समितीचा राग रास्त होता. पण फक्त ‘वाऱ्याचा अभ्यास केला नाही’ एवढे म्हणून थांबले तर दोष हवामानखात्यावर किंवा सल्लागारावर ढकलता येतो आणि मूळ गोष्ट निसटते. माझ्या मते चूक कामांच्या क्रमात होती. आधी जागा ठरली. मग जागेत मावेल तेवढी धावपट्टी ठरली. मग त्या लांबीवर कागदोपत्री उतरू शकणारा विमानाचा वर्ग ठरला. बांधकामाचा करार २०११ मध्ये झाला आणि विमानकंपनी निवडली गेली ती २०१५ मध्ये. म्हणजे ज्यांना हे विमान चालवायचे होते, ज्यांचे वैमानिक त्या कड्यावरून येणार होते, ते बोलायला बसले तेव्हा भराव जवळजवळ पूर्ण झाला होता. मोठ्या शहराच्या विमानतळावर हा क्रम चालतो, कारण तिथे दहा कंपन्या आणि वीस प्रकारची विमाने येतात. एकाला जमले नाही तर दुसऱ्याला जमते. आठवड्याला एक विमान येणार असेल तर ते कोणते, किती वजनाचे, कुठून इंधन भरून येणार, उतरता आले नाही तर कुठे जाणार, या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच विमानतळाचा आराखडा असतो.

पर्यटकांचे अंदाजही याच क्रमातून आले होते. २०४२ पर्यंत वर्षाला सुमारे ३० हजार पर्यटक येतील, त्यांच्या पैशातून बेट हळूहळू ब्रिटिश अनुदानातून मुक्त होईल, असे गणित मांडले होते. ते गणित मोठ्या विमानावर उभे होते. विमान लहान झाले तेव्हा गणितही नव्याने मांडायला हवे होते.

विमान बदलले

धावपट्टी हलवता येत नव्हती, कडा कापता येत नव्हता. बदलता येण्याजोगी एकच गोष्ट उरली होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये एव्ह्रो आरजे-१०० हे लहान चार इंजिनी जेट दक्षिण टोकाकडून उतरून दाखवले गेले. नवी निविदा निघाली आणि दक्षिण आफ्रिकेच्या ‘एअरलिंक’ची निवड झाली. विमान एम्ब्राएर १९०.

दरम्यान जुन्या जहाजाची निवृत्ती लांबत गेली. २०१७ मध्ये जहाजाच्या दुरुस्तीला वेळ लागला, प्रवासी अडकले आणि ३ मे २०१७ रोजी त्यांच्यासाठी खास विमान आले. प्रवाशांना घेऊन जाणारे ते इथले पहिले व्यावसायिक उड्डाण ठरले. नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून, विंडहुकमार्गे सुरू झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये जहाजाने बेटाचा शेवटचा निरोप घेतला.

एम्ब्राएरमध्ये शंभराच्या आसपास आसने असतात, पण सेवा सुरू झाली तेव्हा इथे ७६च प्रवासी नेता येत होते. उरलेल्या जागा वजनाच्या मर्यादेपायी रिकाम्या ठेवाव्या लागत. विमान जाताना नामिबियात थांबून इंधन भरते, कारण समुद्रात पुढे जवळचा पर्यायी विमानतळ म्हणजे असेन्शन बेट, तेही सुमारे १,३०० किलोमीटरवर. ढग खाली आले किंवा वारा मर्यादेबाहेर गेला तर काय करायचे याचा निर्णय वाटेतच घ्यावा लागतो, आणि कधी कधी प्रवाशांना नामिबियात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघावे लागते. इथे उतरण्यासाठी वैमानिकांना या विमानतळाचे खास प्रशिक्षण लागते. नुसता परवाना पुरत नाही.

विमानतळ चालवण्याची बाजू याहून कमी दिसते, पण खर्च तिथेच असतो. आठवड्याला एक विमान असो की दिवसाला दहा, अग्निशमन दल पूर्ण संख्येने लागते. हवाई नियंत्रक लागतात, हवामानाची निरीक्षणे घेणारे लागतात, सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन, धावपट्टीची रोजची पाहणी, इंधनाची शुद्धता तपासणारी माणसे लागतात. विमानाचे इंधन समुद्रमार्गे येते, साठवणीच्या टाक्यांत उतरते आणि मग पठारावर जाते. एखादा प्रशिक्षित नियंत्रक नोकरी सोडून गेला तर त्याची जागा घ्यायला बेटावर दुसरा नसतो. माणूस घडवावा लागतो किंवा बाहेरून आणावा लागतो. २०१८ मध्ये बेसिल रीड आर्थिक संकटात सापडली. दहा वर्षांचे परिचालन ज्या कंपनीकडे सोपवले होते तीच डळमळली, आणि विमानतळ बेटाच्या सरकारी कंपनीकडे आला. माझ्या मते तो आधीपासूनच तिथे असायला हवा होता. जिथे स्पर्धा शक्य नाही आणि सेवा बंद पडून चालणार नाही, तिथे ठेकेदाराच्या ताळेबंदावर बेटाचा दरवाजा टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

माल अजूनही जहाजानेच येतो. केपटाउनहून येणारे मालवाहू जहाज धान्य, सिमेंट, मोटारी आणते. विमानाने जहाजाची जागा घेतली ती फक्त माणसांसाठी आणि टपालासाठी.

२०२० मध्ये करोनामुळे नियमित उड्डाणे थांबली तेव्हा ब्रिटनहून खास विमाने आली. ‘टायटन एअरवेज’चे बोइंग ७५७ इथे उतरले; ते ७३७ पेक्षा मोठे विमान आहे. यावरून काहींनी ‘बघा, मोठे विमान उतरतेच’ असा निष्कर्ष काढला. हवा अनुकूल असताना, हलक्या वजनावर, एखाद्या दिवशी उतरणे वेगळे. दर शनिवारी तिकीट विकून उतरणे वेगळे. विमानसेवा दुसऱ्या गोष्टीवर चालते.

कशाने मोजायचे

तीस हजार पर्यटकांच्या मापाने मोजले तर हा प्रकल्प आजही फार मागे आहे. सरकारी पैशातून जेम्सटाउनमध्ये ३० खोल्यांचे हॉटेल उभे राहिले, पण ७६ प्रवाशांचे आठवड्याचे विमान वर्षाला जेमतेम चार हजार माणसे आणू शकते, आणि त्यातली कित्येक बेटाचीच असतात: सुट्टीवर आलेली, असेन्शन किंवा फॉकलंड बेटांवर नोकरी करणारी, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली. एवढी साधी गुणाकाराची गोष्ट पर्यटनाच्या प्रत्येक नव्या आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवी.

रुग्णांच्या मापाने मोजले तर चित्र निराळे दिसते. विमानतळाआधी डोक्याला मार लागलेल्या किंवा अवघड बाळंतपण झालेल्या माणसाला आधी जहाजाची वाट पाहावी लागे आणि नंतर पाच दिवस समुद्रात काढावे लागत. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर, म्हणजे मोठे विमान उतरू शकत नाही म्हणून जग ज्या काळात या विमानतळाची चेष्टा करत होते त्याच काळात, रुग्णांना नेणारी छोटी विमाने इथे उतरू लागली होती. आता केपटाउनच्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास तासांत होतो.

हा फायदा खर्चाच्या मूळ समर्थनात गौण होता. मुख्य आधार पर्यटन होता. बेटावरच्या लोकांनी २००२ मध्ये कौल दिला तेव्हा त्यांच्या मनात हॉटेले नव्हती असे मी म्हणणार नाही. पण ब्रेस्टच्या बंदरात बंद पडलेले जहाज नक्कीच होते. त्या गरजेपासून आराखडा सुरू केला असता तर पहिलाच प्रश्न आला असता की रुग्ण आणि घरी येणारी माणसे यांच्यासाठी कोणते विमान पुरेल. त्याचे उत्तर बहुधा एम्ब्राएरच्या आकाराचेच असते, धावपट्टी कदाचित हीच असती, आणि ७३७ची वाट पाहण्यात गेलेले सतरा महिने वाचले असते.